मोत्या चपला का चावतो?

२०२२ सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. पहिल्या सत्राची परीक्षा नुकतीच संपली होती आणि सातवीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी तपासायला घरी आणला होता. तो कॉटवर ठेवून मी शेजारी गेले. अर्ध्या तासाने परत येऊन पाहते तो खोलीभर कागदाचे कपटे, गठ्ठ्याचा दोरा दाराशी, आणि आमचा मोत्या टेबलाखाली गाढ झोपलेला. मोत्या म्हणजे पाच महिन्यांचा गावठी कुत्रा. जुलैमध्ये, दोन महिन्यांचा असताना, माझ्या मुलाने त्याला भर पावसातून उचलून घरी आणले होते.

मी मोत्याला उठवले, कपट्यांजवळ ओढत नेले आणि वर्तमानपत्राची सुरळी करून दोन फटके दिले. त्याने कान पाडले, शेपटी पायात घातली, नजर चुकवली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, चूक कळलीय त्याला." दुसऱ्या दिवशी त्याने सासूबाईंचीच चप्पल चावली.

त्या महिन्यातली ती तिसरी चप्पल. त्याआधी चष्म्याचे घर, झाडूचा निम्मा भाग आणि मोबाईलच्या चार्जरची वायर झाली होती. घरात ठरले की दिवाळीनंतर त्याला मामांच्या मळ्यावर नेऊन सोडायचे. तिथे तो साखळीला बांधलेला राहील. मुलाने दोन दिवस कोणाशी धड बोलणे केले नाही. शेवटी महिनाभराची मुदत मिळाली.

इकडे वर्गात मला खरे ते सांगावे लागले. फाटलेल्या सात उत्तरपत्रिका मी चिकटपट्टीने जोडून आणल्या होत्या. मुले पोट धरून हसली. हसून झाल्यावर एका मुलीने विचारले, "बाई, उंदराचे दात सारखे वाढतात म्हणून तो कुरतडतो ना? मग कुत्र्याचेही तसेच असते का?"

प्रश्न चांगला होता आणि मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे कळले, त्यामुळे मोत्याकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली. ज्यासाठी आम्ही त्याला मारत होतो ती त्याची खोड नव्हती. तो वाढीचा एक टप्पा होता, आणि आमच्या मारातून त्याला काहीच शिकायला मिळत नव्हते.

कुरतडणे आणि चावणे

आधी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. उंदीर, घूस, खार, साळिंदर हे कृंतक गटातले प्राणी. त्यांचे पटाशीचे दात जन्मभर वाढतच राहतात. ते झिजले नाहीत तर इतके लांब होतील की तोंड मिटता येणार नाही. कुरतडल्याने हे दात झिजतात आणि त्यांची धारही टिकते.

कुत्र्याचे तसे नाही. आपल्याप्रमाणेच त्याला दातांचे दोन संच मिळतात, आधी दुधाचे आणि मग कायमचे. कायमचा दात पूर्ण आला की तो पुढे वाढत नाही. झिजला किंवा तुटला तर गेलाच. म्हणजे दात झिजवण्यासाठी कुत्रा चावतो, हे कारण बाद झाले. मग खरे कारण काय? खरे तर कारणे अनेक आहेत, आणि वयाप्रमाणे ती बदलतात.

अठ्ठावीस आणि बेचाळीस

पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या तोंडात एकही दात नसतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात हिरड्यांतून वर येऊ लागतात आणि साधारण दोन महिन्यांपर्यंत सगळे येतात. हे दात सुईसारखे टोकदार असतात. वरच्या आणि खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला ३ पटाशीचे दात, १ सुळा आणि ३ उपदाढा, असे एकूण २८ दात.

कायमच्या दातांची मांडणी वेगळी असते. वरच्या जबड्यात एका बाजूला ३ पटाशीचे दात, १ सुळा, ४ उपदाढा आणि २ दाढा, म्हणजे १०. खालच्या जबड्यात ३, १, ४ आणि ३, म्हणजे ११. दोन्ही बाजूंचे मिळून झाले ४२.

फळ्यावर ही बेरीज मांडली की मुले लगेच विचारतात, वरचे चौदा कुठून आले? प्रत्येक बाजूची पहिली उपदाढ (एकूण ४) आणि सगळ्या दाढा (एकूण १०) यांना दुधाचे दात नसतातच. ते एकदाच येतात आणि कायमचेच येतात. माणसातही दुधाचे २० आणि कायमचे ३२. जास्तीचे बारा म्हणजे आपल्या दाढाच.

आता काळ पाहा. पिल्लू तीन-चार महिन्यांचे झाले की पुढचे दुधाचे दात पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या आसपास ४२ दातांचा संच पूर्ण होतो. दुधाच्या दातांची मुळे हळूहळू शोषली जातात, ते हलू लागतात आणि खालून नवे दात वर सरकतात. म्हणजे जेमतेम चार महिन्यांत २८ दात पडतात आणि ४२ येतात! आपल्याकडे हेच काम सहाव्या वर्षापासून पुढे कितीतरी वर्षे चालते.

या काळात हिरड्या सुजतात आणि शिवशिवतात. काहीतरी दाताखाली दाबले की पिल्लाला बरे वाटते. चघळलेल्या वस्तूवर रक्ताचा एखादा ठिपका दिसतो; त्याने घाबरू नये. पडलेले दात बहुधा गिळलेही जातात आणि त्याने अपाय होत नाही. मात्र नवा सुळा आला तरी दुधाचा सुळा शेजारी तसाच उभा असेल, तर पशुवैद्यांना दाखवावे. दोन दातांमध्ये अन्न अडकते आणि नवा दात वाकडा येऊ शकतो.

ऑक्टोबरमध्ये मोत्या पाच महिन्यांचा होता. सासूबाईंच्या चपलेचे कारण निम्मे तरी इथेच सापडले.

तोंड हाच हात

उरलेले निम्मे कारण समजायला रांगत्या बाळाकडे पाहावे. जे सापडेल ते बाळ तोंडात घालते. वस्तू मऊ आहे की कडक, गार आहे की कोमट, हे त्याला असेच कळते. पुढे हात कामाला लागतात आणि ही सवय सुटते. कुत्र्याला असे हात नाहीत. त्याच्यासाठी नाक आणि तोंड हीच जग तपासण्याची साधने.

त्यात त्याचा जबडा पाहा. गाईचा जबडा आडवा फिरतो, म्हणून ती चारा दळते. कुत्र्याचा जबडा जवळजवळ फक्त वर-खाली होतो, दाराच्या बिजागरीसारखा. वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून घसरतात आणि मांस, कातडे कापतात. कुत्रा एखादी वस्तू तोंडाच्या कडेला नेऊन मान तिरपी करून चावतो, ते यासाठीच. लांडग्यांपासून आलेल्या या प्राण्याच्या जबड्याला हे काम हवेच असते.

मग चप्पलच का? चप्पल जमिनीवर असते, तोंडात मावते, दाबली की थोडी दबते, चामड्याची असली तर कातड्याचा वास देते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला घरच्या माणसाचा वास येतो. पिल्लाच्या दृष्टीने याहून चांगली वस्तू घरात दुसरी नाही. इथेच आपण एक चूक करतो. "ही जुनी चप्पल तुझी" असे म्हणून फाटकी चप्पल त्याला खेळायला देतो. जुनी कोणती आणि परवा घेतलेली कोणती, हे त्याने कसे ओळखावे? आम्हीही जुलैमध्ये त्याला जुनी स्लिपर दिली होती. चपला चावायच्या असतात, हा धडा आम्हीच दिला होता.

दात आले, तरी चावणे थांबेना

सातव्या महिन्यात दात पूर्ण आले की त्रास संपेल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात अनेक घरांत खरी नासधूस त्यानंतर होते. आता जबड्यात ताकद आलेली असते, अंगात जोम असतो आणि टेबलावरच्या वस्तूंपर्यंत तोंड पोहोचते. हा कुत्र्याचा किशोरवयाचा काळ. शरीर मोठे दिसते, पण वागण्यातला पोक्तपणा यायला जातीप्रमाणे दीड-दोन वर्षेही लागतात.

याच वयात शिकवलेले विसरल्यासारखे वाटते. ब्रिटनमधील संशोधकांनी अंध व्यक्तींना सोबत करण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. पाचव्या महिन्यात 'बस' म्हटल्यावर बसणारे कुत्रे आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याचे कमी ऐकत होते. गंमत अशी की हीच आज्ञा अनोळखी माणसाने दिली, तर अशी घट दिसली नाही. म्हणजे कुत्रे शिकलेले विसरले नव्हते. आठवी-नववीच्या वर्गावर शिकवणाऱ्यांना आणि त्या वयाची मुले घरात असणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायची गरज नाही! लक्षात ठेवायचे ते हे की हा काळ सरतो.

पुरेसे चालणे-धावणे नसेल, दिवसभर करायला काही नसेल, तर या वयात चावणे वाढते. आणखी एक प्रकार वेगळा ओळखायला हवा. कुत्रा फक्त एकटा असतानाच दाराची चौकट, खिडकी किंवा बाहेर जायची वाट ओरबाडत असेल, सोबत लाळ गाळत, विव्हळत असेल, तर तो कंटाळा नसून एकटेपणाची भीती असते. अशा वेळी त्याला आधी दोन मिनिटे, मग पाच, मग दहा, अशी एकटे राहण्याची सवय लावावी लागते आणि पशुवैद्यांचा सल्लाही घ्यावा लागतो.

मोत्याला चूक कळली होती का?

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येऊ. कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरणे, याला आपण अपराधीपणा समजतो. अमेरिकेतील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचीच परीक्षा घेतली. मालकाने कुत्र्याला खाऊ दाखवायचा, "खाऊ नकोस" असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. मागे काय झाले हे मालकाला कधी खरे, तर कधी मुद्दाम खोटे सांगितले जाई. त्यामुळे काही वेळा खाऊ न खाणाऱ्या कुत्र्यालाही बोलणी बसली. निष्कर्ष असा निघाला की 'अपराधी चेहरा' कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता; मालक रागावला की तो दिसत होता. ज्यांनी काही केले नव्हते पण बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो जास्तच दिसला.

म्हणजे मोत्या पश्चात्ताप करत नव्हता. तो मला घाबरला होता आणि त्याच्या भाषेत "रागावू नकोस" म्हणत होता.

मग मारातून तो काय शिकला? विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आपण शिकवतो. ठरावीक आवाजापाठोपाठ लगेच अन्न मिळत गेले, की पुढे नुसत्या आवाजाने लाळ सुटते. यातला 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन घटना एकमेकींजवळ घडल्या तरच त्यांची जोडी मनात बसते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर आणि कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्या कृतीने लगेच सुटका होई आणि खाऊ मिळे, ती कृती प्राणी पुन्हा करत. याला परिणामाचा नियम म्हणतात.

हा नियम आता आमच्या खोलीला लावा. गठ्ठा फाडताना मोत्याला मजा आली; तो परिणाम लगेच मिळाला. फटके मात्र झोपेतून उठवल्यावर बसले. त्याच्या लेखी मार कशाशी जोडला गेला? दारातून आत आलेल्या माझ्याशी. पुढे काही दिवस मी शाळेतून आले की तो टेबलाखाली जाऊ लागला. आम्ही म्हणालो, "बघा, काहीतरी करून बसलाय." खरे तर त्या दिवसांत बरेचदा त्याने काहीच केलेले नसे.

मग करायचे काय?

चावण्याची गरज बंद करता येत नाही. तिला योग्य जागा देता येते. आम्ही पुढील गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट, संधीच ठेवली नाही. चपला कपाटात, वायरी उंच, दप्तरे खुंटीला. कोणी लक्ष ठेवायला नसेल तेव्हा मोत्या पडवीत, आडव्या फळीच्या पलीकडे. तिथे पाणी, अंथरूण आणि त्याच्या वस्तू. ही शिक्षा नव्हे, म्हणून तिथे त्याला रागावून कधी पाठवायचे नाही.

दुसरी, चावायच्या वस्तू दिल्या. जाड रबराची कडी, गार गाजर, आणि दात येत होते तोवर गाठ मारून ओले केलेले आणि बर्फाच्या कप्प्यात गार केलेले जाड फडके, तेही आमच्या डोळ्यांसमोर. चार-पाच वस्तूंपैकी दोनच बाहेर ठेवायच्या आणि दर दोन दिवसांनी बदलायच्या. रोज तीच वस्तू दिसली की तिचे नवल संपते.

तिसरी, हिसकावणे बंद केले. तोंडात चप्पल दिसली की आम्ही ओरडत मागे धावायचो आणि त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटायचा. आता भाकरीचा तुकडा पुढे करून "सोड" म्हणायचे, त्याने वस्तू सोडली की तुकडा द्यायचा आणि लगेच त्याची रबरी कडी हाती द्यायची. ती चावू लागला की शाबासकी. शाबासकीही त्याच क्षणी हवी. थॉर्नडाइकचा नियम इथे आपल्या बाजूने काम करतो.

चौथी, सकाळ-संध्याकाळ फिरणे. नुसते पळणे नव्हे, थांबून हुंगू देणेही. घरी भाकरीचे तुकडे अंगणात पसरून ते शोधायला लावले, तरी त्याचा अर्धा तास मजेत जातो. सोबत झोपही हवी. पिल्लू दिवसाचा मोठा भाग झोपते आणि झोप मोडलेले पिल्लू जास्त चावरे होते.

पाचवी, सगळ्यांचा नियम एकच. एकाने चप्पल ओढू दिली आणि दुसऱ्याने रागावले, तर कुत्रा दोघांकडूनही काही शिकत नाही.

वस्तूंना मिरचीपूड लावण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो पाळू नये; डोळ्यात आणि नाकात गेली तर इजा होते.

काय देऊ नये

फार कडक वस्तू, म्हणजे दगड, खूर, शिंगे, मोठी हाडे चावताना वरची कात्रीची दाढ तुटू शकते. अंगठ्याचे नख दाबून पाहावे. वस्तू जरासुद्धा दबत नसेल तर देऊ नये. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. दोरा, सुतळी, मोजे गिळले गेले तर आतड्यात अडकतात. उत्तरपत्रिकांचा दोरा मोत्याच्या पोटात गेला नाही, हे आमचे नशीब. चॉकलेट, मनुका, द्राक्षे, कांदा-लसूण, झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंग गम, उंदराचे औषध आणि बटनासारखे सेल कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत.

एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. पिल्लाचा दात खेळतानाही लागला आणि कातडी खरचटली, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज पिल्लांनाही होतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पिल्लाला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तसे द्यावेत. रस्त्यावरचा कुत्रा दगड, लाकूड असे काहीही चावत सैरभैर फिरताना दिसला, तर हा लेख आठवून जवळ जाऊ नये. दूर व्हावे आणि मोठ्यांना सांगावे.

वहीत काय सापडले

महिनाभराच्या मुदतीत माझ्या मुलाने एक वही घातली. चार रकाने: वेळ, वस्तू, त्याआधी मोत्या काय करत होता, घरात कोण होते. पंधरा दिवसांनी आम्ही वही उघडली, तर निम्म्याहून जास्त नोंदी संध्याकाळी पाच ते सातमधल्या. तेव्हा सासूबाई देवळात, मी स्वयंपाकघरात आणि मुलगा शिकवणीला. आम्ही संध्याकाळचे फिरणे साडेचारला आणले. पुढच्या पंधरवड्यात त्या वेळेच्या नोंदी दोन-तीनच राहिल्या. मळ्यावर नेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तरी आठव्या महिन्यात त्याने उशी फाडली, दहाव्यात पायपुसणे. त्याची मोकळीक आम्ही पायरीपायरीने वाढवली. आधी पडवी, मग बाहेरची खोली, मग सगळे घर. चूक झाली की एक पायरी मागे. २०२४ च्या मे महिन्यात तो दोन वर्षांचा झाला. त्याआधी वार्षिक परीक्षेचे गठ्ठे मी कॉटवरच ठेवले होते. तो येऊन हुंगून गेला आणि आपली कडी घेऊन पडवीत बसला. सासूबाई मात्र अजूनही चपला कपाटातच ठेवतात.

तुमच्या वर्गात कोणाकडे पिल्लू असेल, तर अशी चार रकान्यांची वही घालायला सांगा. पंधरा दिवसांच्या नोंदींवरून स्तंभालेख काढता येईल. ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनी आरशात स्वतःचे दात मोजावेत, गाजर पटाशीच्या दातांनी आणि मग दाढांनी चावून जबडा कसा हलतो ते पाहावे, आणि रवंथ करणाऱ्या गाईशी त्याची तुलना करावी. काय सापडले ते आम्हाला जरूर कळवा.